चाळीस पिशव्यांचा गोठा

"कोणीतरी ही पिशवी उघडून पाहिली आहे," वृद्ध गुरू म्हणाले. म्हणताना त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही. गोठ्याच्या अंधारात टांगलेल्या चाळीस पिशव्यांपैकी एक त्यांनी खाली उतरवली होती. आतल्या भाताच्या पेंढ्यावर हिरवी बुरशी चढली होती.

तीन दिवसांपूर्वी, अळंबीचे बी पेरल्याच्या सातव्या दिवशी, त्यांच्या शिष्येनेच ती पिशवी सोडून आत डोकावले होते.

कॉलेज संपवून ती या डोंगराळ गावात आली होती. भात कापून झाला की गावातल्या बाया वीटभट्टीवर जात. अळंबी पिकली तर त्यांना घर सोडावे लागणार नाही, असे तिने बारा जणींना सांगितले होते. त्यासाठी गुरूंकडून ती अळंबीची शेती शिकत होती. गोठा ठकूबाईंचा होता, आणि ठकूबाईंनी पहिल्याच दिवशी अट सांगितली होती, "अवसेला भट्टीचा ट्रक येतो. त्याआधी काही उगवलं तर गोठा तुमचा. न्हाई तर बाया भट्टीवर आणि माझ्या म्हशी आत."

त्यामुळे शिष्येला धीर नव्हता. सकाळी ती पिशव्यांभोवती फिरे, संध्याकाळी बारा दारांत जाऊन विचारी, "तुम्ही थांबणार ना?" बाया हसत आणि भाकरी थापत राहत.

विसाव्या दिवशी गुरू गोठ्यात आले. एकेक पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिली. मग विळा काढला आणि उरलेल्या सगळ्या पिशव्यांचे प्लास्टिक टराटरा फाडले. दोन्ही खिडक्या उघडल्या. विहिरीचे गार पाणी आणून भिंतींवर, जमिनीवर, पेंढ्यावर शिंपडले.

शिष्या दारात थिजून उभी होती. अवसेला सहाच दिवस उरले होते.

"गुरुजी, ती पिशवी मीच उघडली होती," ती शेवटी म्हणाली. "पण मी एक उघडली ती चूक, आणि तुम्ही एकोणचाळीस फाडल्या त्याला काय म्हणायचे?"

"तूच उघडलीस ते ठाऊक होते. गाठ बुटाच्या नाडीसारखी मारली होतीस. आमच्याकडे तशी कोण मारतो?" गुरू हसले. "आता इकडे बघ. प्लास्टिक गेले. एक तरी काडी खाली पडली का?"

तिने पाहिले. पेंढ्याचे गठ्ठे पांढरेशुभ्र आणि घट्ट झाले होते, कोणाच्याही आधाराशिवाय आपला आकार धरून होते.

"आपण आधी खातो, मग पचवतो," गुरू म्हणाले. "अळंबी आधी पचवते, मग खाते. तिचा धागा पेंढ्यावर आपला रस सोडतो, विरघळले ते शोषतो आणि पुढे सरकतो. सातव्या दिवशी धागे अर्ध्या वाटेवर होते. तू दार उघडलेस आणि रिकाम्या पेंढ्यावर परक्या बुरशीने ठाण मांडले. आज रिकामे काही उरलेले नाही. तेव्हा पेंढा पिशवीने धरला होता, आता धाग्यांनी धरला आहे. हा फरक बोटांना कळतो. आणि एकदा धरल्यावर तिला उबेत कोंडून ठेवशील, तर ती नुसती धागेच वाढवत बसेल. फळ धरायला गारवा लागतो, उजेड लागतो, वारा लागतो."

त्या संध्याकाळी शिष्या "थांबणार ना?" विचारायला कोणाच्याही दारात गेली नाही.

तिसऱ्या दिवशी गठ्ठ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे दाणे आले. अवसेच्या सकाळी तिने गोठ्याचे दार ढकलले, तेव्हा गठ्ठे कुठे दिसतच नव्हते. शिंपल्यांसारख्या पांढऱ्या अळंबीचे झुबकेच्या झुबके एकमेकांना रेटत बाहेर आले होते. मागे पावले वाजली. न बोलावता बाराही जणी आल्या होत्या, पाट्या घेऊन. खाली रस्त्यावर ट्रकने तीनदा भोंगा वाजवला. कोणी मान वळवली नाही. चौथ्यांदा वाजवून तो तसाच निघून गेला.

सगळ्यांत मागून ठकूबाई आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी गोठा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"म्हशींना आता छप्पर घालावं लागंल," त्या म्हणाल्या.