चोचीतलं हिरवं पातं

फार पूर्वी, एका विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणींनी सगळेच खोपे एकदम विणायला काढले. अंडी घालायची वेळ जवळ आली होती.

"आधी सगळ्या खोप्यांचं गवत आणा, मगच विणा!" मुकादम पक्षी ओरडला. ढीग लागला, पण विणायला घ्यावं तर वाळलेली पाती कडाकडा मोडू लागली.

"अहो मुकादम, पातं हिरवं आहे तोवरच वळतं!" ठिपकी सुगरण म्हणाली. "एकेक खोपा पुरा करू. निम्म्यांनी आणायचं, निम्म्यांनी लगेच विणायचं!"

मग काय धमाल उडाली! पाती चोचीतून चोचीत फिरू लागली. पहिला खोपा झुलला, पाठोपाठ दुसरा, तिसरा!

शेवटच्या खोप्यापर्यंत मुकादमाचा आवाज काही ऐकू आला नाही. त्याच्याही चोचीत हिरवं पातं होतं.