पाऊण थेंब

"…मग गुणाकार करायचाच कशाला, भंतेजी? उत्तर आधीच बोटांवर दाखवायचं, तर कागद-पेन्सिलीचं काय काम?"

सुमेधच्या आवाजात राग होता, आणि तो लपवायचा त्याने फारसा प्रयत्नही केला नाही.

भंते धम्मसार औषधांच्या बाटल्या पुसत होते. हातातली बाटली त्यांनी नीट पुसली, कपाटात ठेवली, मग दुसरी घेतली.

"पेन्सिलीला घाई असते," ते म्हणाले.

"आणि बोटांना?"

"बोटं दहाच आहेत…"

सुमेधच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

पहाडीवरच्या त्या विहारामागे एक खोली होती, आणि आसपासच्या बारा टोल्यांचा, म्हणजे पाड्यांचा, दवाखाना तोच. डॉक्टर फक्त बुधवारी यायचे आणि चिठ्ठ्या लिहून ठेवायचे. बाकीचे सहा दिवस त्या चिठ्ठ्यांप्रमाणे औषध मोजून द्यायचं काम भंतेजींचं. भिक्खूचं चीवर घेण्याआधी तीस वर्षं ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. भंतेजींच्या हातून कधी थेंब इकडचा तिकडे झाला नाही, असं लोक सांगत. लोक काय, काहीही सांगतात. पण हे मात्र खरं होतं.

सुमेध टेंभुर्णे औषधनिर्माणशास्त्रात विद्यापीठात पहिला आलेला. वर्षभर सेवा करायची म्हणून आपणहून आला होता, हे त्याचं मोठेपण. ते त्याला स्वतःलाही ठाऊक होतं, ही तेवढी अडचण. आल्याला चौथाच दिवस होता, आणि भंतेजींची एक रीत त्याच्या डोक्यात बसत नव्हती. रीत अशी, की औषधाची मात्रा काढण्याआधी रोग्याच्या माणसासमोर बसायचं, ती साधारण किती भरेल ते बोटांवर दाखवायचं, आणि मगच पेन्सिल उचलायची.

पहिल्या आलेल्या माणसाने बोटं मोजून दाखवायची! बालवाडी आहे का ही?

तेवढ्यात दारात रंजनाबाई येऊन उभी राहिली. कडेवर दीड वर्षाची पोर, जुई. चार कोस चालून आली होती बिचारी. पदराने पोरीचं तोंड पुसत म्हणाली, "वंदामि भंतेजी. पोरीले काल दोनदा झटके आले जी. डॉक्टरसायेब म्हणले होते, वजन वाढलं का औषध वाढवून घेजो."

भंतेजींनी सुमेधकडे पाहिलं.

"तू कर."

सुमेधचा चेहरा खुलला. त्याने पोरीला काट्यावर ठेवलं. आठ पूर्णांक चार दशांश किलो. डॉक्टरांची चिठ्ठी काढली. किलोमागे ०.०५ मिली, दिवसातून दोनदा. बोटांची रीत त्याने सरळ ओलांडली. कागदावर पेन्सिल एकदाच टेकली, आणि उत्तर तयार.

०.०४२ मिली.

श्वास घ्यायलासुद्धा वेळ लागला नसेल. त्याने कागद भंतेजींपुढे सरकवला. त्यात थोडा तोरा होता, नाही कशाला म्हणा.

भंतेजींनी कागद पाहिला.

"थेंब किती होतात?"

"या ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे एक मिली," सुमेध तोंडातल्या तोंडात गुणत म्हणाला. "म्हणजे… ०.८४. पाऊण थेंबाच्या थोडं वर."

भंतेजींनी उजवा तळहात पुढे केला. म्हातारा, सुरकुतलेला, पण एका जागी दगडासारखा स्थिर.

"टाक."

"काय?"

"पाऊण थेंब."

सुमेध हसला. मग भंतेजी हसत नाहीत हे पाहून त्याने ड्रॉपर भरला आणि रबर हलकेच दाबलं. टोकाशी थेंब जमला, फुगला, लोंबला… आणि तळहातावर पडला.

"हा पूर्ण आहे," भंतेजी म्हणाले. त्यांनी हात फडक्याला पुसला आणि पुन्हा पुढे केला. "मी पाऊण मागितला."

दुसऱ्या वेळी सुमेधने श्वास रोखून धरला. रबर इतकं हळू दाबलं, की कपाळावर घाम आला. थेंब टोकाशी थांबला. थांबूनच राहिला. पडेना. आणि पडला तो पूर्णच पडला.

पुन्हा हात पुसला. पुन्हा पुढे केला.

तिसऱ्या वेळी सुमेधने ड्रॉपर उचललाच नाही.

रंजनाबाई या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. हे काय चाललंय, तिला कळेना. पोर तिच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती.

भंतेजी तिच्याकडे वळले. "माय, आतापर्यंत किती देत होतीस?"

"सहा थेंब जी. सकाळी सहा, संध्याकाळी सहा."

"आणि आता किती लागेल म्हणतेस?"

"मले काय समजते जी त्याच्यातलं?" ती लाजली. मग पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पण पोर वाढली ना… म्हणजे सहाच्या वरच लागन. सात… आठ… पण बारा काही लागनार नाही."

सुमेधने आपल्या कागदाकडे पाहिलं.

सहाच्या वर. बाराच्या आत. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने उभ्याउभ्या दशांशचिन्ह जागेवर ठेवलं होतं. आणि तो विद्यापीठात पहिला आलेला, एका थेंबालाही न पुरणारं औषध देऊन या पोरीला चार कोस परत पाठवणार होता. परत पाठवणार, तेही झटक्यांच्या तोंडी. डॉक्टर यायला अजून पाच दिवस होते. आधी किती चालू होतं, एवढं साधं त्याने त्या बाईला विचारलंही नव्हतं.

त्याने कागद ओढून घेतला.

चौऱ्याऐंशी पंचे चारशे वीस. वरच्या संख्येत दशांशचिन्हानंतर एक घर, खालच्या संख्येत दोन. एकूण तीन. उजवीकडून तीन घरं मोजायची, तिथे चिन्ह. यात काय चुकलं? काहीच नाही… आणि मग त्याला दिसलं. चारशे विसातलं शेवटचं शून्य. उत्तरात ते गळणारच, म्हणून घाईघाईत त्याने ते आधीच उडवून टाकलं होतं. बेचाळीस उरले. तीन घरं त्याने त्या बेचाळीसांत मोजली होती.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. रंजनाबाईसमोर जमिनीवर बसला. दोन्ही हात वर केले आणि आठ बोटं दाखवली.

"एवढे होतील, ताई. बघा, बरोबर वाटतं का?"

"हो जी," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम निवळला.

मग त्याने पुन्हा पेन्सिल उचलली. चारशे वीस लिहिले, शून्यासकट. उजवीकडून तीन घरं बोटाने दाबत मोजली. ०.४२० मिली. वीसने गुणलं. आठ थेंब आणि वर थोडं. कागद त्याने भंतेजींपुढे सरकवला नाही, दोन्ही हातांनी धरून दाखवला. भंतेजींनी मान हलवली.

सुमेध चमच्यात थेंब टाकू लागला आणि रंजनाबाई मोठ्याने मोजू लागली. एक… दोन… तीन… आठव्याला ती थांबली, तोही थांबला. जुईने तोंड वाकडं करून औषध गिळलं आणि रडायलाच लागली. सुमेधला त्या रडण्याने इतकं बरं वाटलं, की त्याचेच डोळे भरून आले. पोर घेऊन रंजनाबाई पहाडी उतरू लागली, तेव्हा ती वळणाआड जाईपर्यंत तो दारात उभा होता.

भंतेजी पुन्हा बाटल्या पुसायला बसले होते. एक शब्द रागाचा नाही, की उपदेशाचा नाही. तीस वर्षं हा माणूस असाच बसला असेल, सुमेधच्या मनात आलं, दर वेळी बोटं वर करून, दर वेळी नव्याने. आणि आपल्याला त्याचा राग येत होता! त्याने वाकून भंतेजींच्या पायांवर डोकं ठेवलं. आल्यापासून पहिल्यांदाच ते मनापासून ठेवलं.

उठला तरी तो कागद त्याच्या हातातच होता.

"भंतेजी, एक सांगा. ते शून्य शेवटी टाकायचंच होतं. ०.४२० काय अन् ०.४२ काय, औषध तेवढंच. किंमत तर त्याला काहीच नाही… मग त्याच्याशिवाय एवढं का चुकावं?"

भंतेजींनी बाटली खाली ठेवली.

कागदावर वाकून त्यांनी ते शून्य पाहिलं, मग सुमेधकडे पाहिलं…

"रांगेत उभं होतं ना, बाबू? मग मोजायचं."