तपासणीच्या दिवशी

कोणे एके काळी एका प्रयोगशाळेत पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरावर गटारातला काळा उंदीर खिडकीतून जळायचा. तपासणीला येणाऱ्या कर्णिकबाई पिंजऱ्यात हात घालून भुसा कोरडा आहे ना बघायच्या, चिरण्याआधी भूल दिली होती का विचारायच्या.

"तुझे नुसते लाड चाललेत," काळा करवादायचा. "मला कोण विचारतं?"

पुढच्या तपासणीला तो नव्या भुशात लपून पिंजऱ्यात शिरला. बाईंचा हात आत येताच तळव्यावर जाऊन बसला.

"हा इथला नाही," बाई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे याच्यावर प्रयोग करता येणार नाही. बाहेर सोडून द्या."

काळा हिरमुसला. जाताना त्याने वळून पाहिलं. पांढरा गजांना चिकटून त्याच्याकडे बघत होता, अगदी काळा रोज खिडकीतून बघायचा तसा.