शेगडीवरचं कपाट

मळ तसाच ठेवून वर रंग फासायचा आणि त्याला नवं म्हणायचं, ही खोड कुणी लावली कोण जाणे! खूप वर्षांपूर्वी एका स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर, एक लाकडी कपाट होतं. फोडण्यांच्या धुराने ते काळं, चिकट झालं होतं. "दिवाळीपर्यंत उजळलं नाही तर काढून टाकू," असं मालकीणबाई म्हणाल्या.

काचपेपर म्हणाला, "कपाटराव, आधी सोड्याच्या पाण्याने चिकटा काढू, मग मी घासतो. दुखेल थोडं."

"थोडं?" रंगाचा डबा हसला. "हा खरखऱ्या तुमची सालटी काढेल! मी एक हात मारतो, झालं काम."

कपाटाने काचपेपरला जवळ येऊच दिलं नाही. पिस्ता रंग लेवून ते दोन दिवस मिरवलं. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी चकल्या तळायला घेतल्या. वाफेने रंगाला फोड आले आणि त्याचे पापुद्रे थेट कढईत पडले.

"उद्याच काढा हे!" बाई कडाडल्या.

कपाटाने लाज सोडून हाक मारली, "काचपेपरदादा, घासा. मी ओरडलो तरी थांबू नका."

सोड्याचं पाणी फिरलं. काचपेपर झिजून गुळगुळीत होईपर्यंत घासत राहिला. रंग गेला, चिकटा गेला आणि खालून मधाच्या रंगाच्या रेषा वर आल्या. बाईंनी त्यांवरून बोट फिरवलं. "राहू दे," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा दाराची बिजागरी कुरकुरली, "इश्श! इतकी वर्षं तुम्हाला धरून बसलेय, आणि तुम्ही सागाचे आहात हे मला आज कळतंय?"