वाघिणीचा निरोप

“बोललेला शब्द परत घेता येतो का, माई?”

माईंनी वर पाहिलं नाही. त्या वाती वळत बसल्या होत्या.

“कोनाचा शब्द?”

“माझ्या लेकीचा.”

मोरेश्वर माईंचा जुना शिष्य. सांगलीत तो मुलांचे संस्कारवर्ग चालवायचा, आणि आपल्या मनवाइतकं नीट बोलणारं मूल अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही, असं चारचौघांत सांगायचा. माईंच्या मठात तो लग्नाआधी येऊन गेला होता, त्यानंतर आजच. तोही मुद्दाम नव्हे. नागपूरच्या लग्नाला निघालेलं बिऱ्हाड वाटेत वाघ बघायला थांबलं, आणि मठ जंगलाच्या फाटकाला लागूनच होता.

सकाळी वाघीण दिसली होती. तळ्याकाठी, पाठमोरी. जिप्सीतल्या सगळ्यांनी तिला डोळे भरून पाहिलं. निघताना सहा वर्षांच्या मनवाने हात जोडले आणि ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “येते हं.”

वाघिणीने मान वळवली... मनवाकडे पाहिलं. मग उठून उभी राहिली.

गाईडने लगेच ड्रायव्हरला गाडी फाटकाकडे पळवायला लावली.

“तेव्हापासून जेवत नाही, माई. बाहेर पायरीवर बसलीय, जंगलाकडे तोंड करून. म्हणते, ती हाक मारतेय.”

“तुले ऐकू येते?”

“छे. कसली हाक?”

दूर तळ्याच्या अंगाला भेकर भुंकलं, वाघाची चाहूल लागल्यावर भुंकतं तसं.

“जाताना ‘येते’ म्हनाव, हे कोनं शिकवलं तिले?”

“मीच.” एवढ्या भीतीतही त्याच्या आवाजात जरासा अभिमान आला. “‘जाते’ म्हणणं अशुभ. एकदा चुकून म्हणाली, तर दिवसभर अबोला धरला होता मी.”

“मंग आता कोठी चुकली? येते म्हनली, निघाली.”

“अहो, ते नुसतं म्हणायचं असतं, माई.”

“हो?”

भेकर पुन्हा भुंकलं. आता नाल्याजवळून. पायरीवर मनवाने चपला घातल्या. तिच्या आईने, वृंदाने, तिला मागून घट्ट धरलं.

मोरेश्वरने माईंचे पाय धरले. “उपाय सांगा. ही एकच आहे आम्हाला.”

“तिले म्हनाव, ‘जाते’ म्हन.”

वृंदा रडायला लागली. “नका हो. तिन्हीसांजेला लेकरू असलं काही बोललं तर...”

मोरेश्वरचीही जीभ उचलेना. ज्या शब्दाला तो जन्मभर भ्याला, तोच आता पोटच्या पोरीच्या तोंडात घालायचा होता. त्याने आशेने माईंकडे पाहिलं. माईंनी पुढची वात घेतली.

मठामागच्या चिंचेवर वानर खाकरलं. आणि सगळं चिडीचूप झालं, रातकिडेसुद्धा.

तो बाहेर गेला. पायरीवर मनवाच्या शेजारी बसला.

“मनू, म्हण... जाते.”

“पण बाबा, तुम्हीच सांगता ना, असं म्हणायचं नाही?”

“मी चुकीचं शिकवलं, बाळा.”

हे वाक्य त्याने आयुष्यात कोणासमोर उच्चारलं नव्हतं. उच्चारताना त्याचे डोळे भरून आले.

मनवाने अंधारू लागलेल्या कुंपणाकडे तोंड करून हात जोडले.

“जाते हं.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कुंपणापलीकडचं गवत हललं. हलत हलत ते झाडीपर्यंत गेलं. वारा अजिबात नव्हता.

“आई,” मनवा म्हणाली, “भूक लागली.”

मोरेश्वरने दोघींना गाडीत बसवलं, काचा वर केल्या, आणि धावतच माईंच्या पाया पडायला परत आला. डोकं टेकवून उठताना सवयीने बोलून गेला, “येतो, माई.”

...त्याने जीभ चावली.

माई पहिल्यांदाच हसल्या.

“म्हन ना, बापा. मी थोडीच वाघीन आहो, खरं मानाले?”