न पाहिलेली दाढी

एकदा एका दशावतारी मंडळात एक तरुण नट होता, आणि त्याची दाढी त्याच्यापेक्षा जास्त कष्टाळू होती. तो स्त्रीभूमिका करीत असे. दशावतारात राण्या, देवी, पतिव्रता सगळ्या पुरुषांनीच व्हायच्या, ही कोकणातली जुनी रीत. हा तरुण डोळ्यांनी देखणा, आवाजाने गोड, आणि चालणे असे की नेसलेल्या लुगड्यालाही आपण खरेच एका बाईच्या अंगावर आहोत असे वाटावे. दाढी मात्र कोणाचे ऐकत नसे. वस्तरा फिरवून न्हाव्याने पेटी बंद करेपर्यंत खुंट पुन्हा डोके वर काढीत. मंडळातले लोक तर शपथेवर सांगत, की नांदीच्या वेळी गुळगुळीत असलेली त्याची हनुवटी आख्यान रंगात येईस्तोवर निळी पडे, आणि मग राक्षसाचे काम करणारा नट राणीकडे पाहून स्वतःच दचके. यात दोन आणे अतिशयोक्ती धरावी. बाकी चौदा आणे खरे आहे.

त्याला घडवले होते तात्यांनी. तात्या एके काळी स्वतः नामांकित स्त्रीपार्टी होते. वार्धक्याने त्यांनी तोंडाला रंग लावणे सोडले, पण मंडळाची संगत सोडली नाही. नव्या मुलांना लुगडे नेसायला, लाजायला आणि रडायला ते शिकवीत. डोळ्यांतून पाणी कधीही काढता येते, हुंदका मात्र योग्य जागी थांबवावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. या शिष्यावर त्यांचा विशेष जीव होता.

दशावतार रात्रीचा. रात्रीचा उजेड दयाळू असतो, तो सगळे दाखवीत नाही. पण एका गावात देवळाच्या उत्सवाला यजमानांना हुक्की आली, आणि खेळ दुपारी ठेवला गेला. हरिश्चंद्राचे आख्यान होते. आमचा तरुण तारामती होऊन, मेलेल्या रोहिदासाला मांडीवर घेऊन, असा रडत होता की बायकांचे पदर डोळ्यांना लागले. आणि नेमक्या त्या जागी, जिथे हुंदका थांबवायचा असतो तिथेच, मंडपाच्या मागच्या बाजूने एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाला,

"गो बाये, आधी दाढी कर, मगे रड."

मंडप हसला. डोळ्यांना लागलेले पदर तोंडाला गेले. मांडीवरचा मेलेला रोहिदासही हसला. त्याचे पोट हलताना सगळ्यांनी पाहिले. कोणीतरी ते मोबाईलवर टिपले, आणि आठवड्याभरात खाडीच्या दोन्ही तीरांना तारामतीच्या दाढीची वार्ता पोचली.

त्यानंतर शिष्य दिवसातून वाटेल तितक्या वेळा वस्तरा फिरवू लागला. गाल सोलवटले, त्यांवर पुरळ आले, आणि त्या पुरळावर सफेदा चढवताना त्याच्या डोळ्यांत न शिकवलेले पाणी येऊ लागले. शेवटी एका दुपारी तो तात्यांसमोर बसला. शहरात लेझरने केस कायमचे काढून देतात, आपण ते करून घेणार, तुमचा आशीर्वाद हवा, असे त्याने सांगितले. (तिकडची बोली गोड, पण सगळ्यांना समजावी म्हणून मी ती जरा सारवून सांगतो.)

तात्यांनी विचारले, कायमचे म्हणजे किती कायमचे? शिष्य म्हणाला, कायमचे म्हणजे कायमचे, तात्या. तात्यांनी हनुवटी धरून त्याचा सोलवटलेला गाल उजेडात पाहिला. मग म्हणाले,

"जा. मी नको म्हणत नाही. पण पावसाळ्यात आपले खेळ बंद असतात. हा एक पावसाळा वस्तरा लावू नकोस. येईल तेवढी दाढी येऊ दे. रोज आरशात बघ. मग जा आणि खुशाल काढून टाक."

"काढायचीच आहे तर वाढवू कशाला, तात्या?"

"ते मागाहून सांगेन."

आता, मोठ्या माणसांनी अशी कोडी घालू नयेत. घातली की तरुण माणूस उत्तर शोधत नाही, हेतू शोधतो. मंडळात तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले, तात्यांना बुद्धीचा भ्रंश झाला. कोणी म्हणाले, शिष्य आपल्यापेक्षा गोरागोमटा दिसेल याचे त्यांना वैषम्य वाटते. हार्मोनियम वाजवणाऱ्याने तर असे सुचवले, की मंडळाला ऋषींच्या कामाला माणूस हवा आहे आणि म्हातारा दाढी फुकटात उगवून घेतो आहे. शिष्य हसला, पण मनात म्हणाला, असेलही.

तरी, पाऊस लागून तात्या खाडीपलीकडे आपल्या गावी गेले तेव्हा, त्याने आरंभ केला. गुरूचा शब्द होता. शिवाय खरी गोष्ट अशी, की ओठांवर पहिली लव आली त्याच आठवड्यात त्याला लुगडे नेसवले गेले होते आणि तेव्हापासून वस्तरा कधी थांबला नव्हता. आपल्या चेहऱ्यावर काय उगवते हे त्याने उभ्या जन्मात पाहिलेच नव्हते. उत्सुकता त्यालाही होती. पण ती अशी, की आरशासमोर गेला की तो एक डोळा मिटून घेई.

खुंटांची नुकती काळी साय धरली होती. एका सकाळी तो बाजारात मासे घ्यायला गेला. कोळीण ओळखीची, जिभेने मोकळी, मनाने त्याहून मोकळी. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली,

"काय गो तारामती, हरिश्चंद्र झालंस काय?"

आणि मायेने दोन बांगडे वर टाकले. थट्टा प्रेमाची होती. पण आजूबाजूचे चारजण हसले, आणि शिष्याच्या कानांत तो सबंध मंडप पुन्हा हसला. घरी येऊन त्याने मासे तसेच ठेवले, आरसा भिंतीकडे फिरवला आणि चाचपडत दाढी उतरवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो शहरात गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई विचारी होत्या. कुठली औषधे चालू आहेत का, जखम झाली की व्रण काळा राहतो का, उन्हात किती वावर असतो, हे त्यांनी विचारले. सावळ्या कातडीवर हे काम जपून करावे लागते, नाहीतर भाजल्याचे डाग पडतात, हे सांगितले. केस चिमट्याने उपटून येऊ नये, वस्तऱ्याने काढून यावे. आधी कानाखाली लहानशा जागेवर करून पाहू. एका खेपेत काही होत नाही, महिना-महिना सोडून बऱ्याच खेपा घालाव्या लागतील. मधल्या काळात गालांना रंग लावायचा नाही. काही केस पुन्हा येतात, पांढऱ्या केसांवर तर हा प्रकाश चालतच नाही. ज्याला या वाटेने जायचे असेल त्याने हे सगळे विचारून घ्यावे, आणि जो डॉक्टर हे आपणहून सांगत नाही त्याच्याकडून उठून यावे. शिष्य प्रत्येक वाक्याला मान हलवीत होता. शेवटी बाईंनी विचारले, पुढे कधी दाढी हवीशी वाटली तर? तो हसला आणि म्हणाला, मला ती कधी नव्हतीच. बाईंनी घरी जाऊन चार दिवस विचार करायला सांगितले. तो चार दिवस शहरातल्या मावशीच्या घरी झोपला आणि पुन्हा आला.

खेपा चालल्या तोवर तो शहरातच राहिला, मंडळाचा एक मोसम त्याने चुकवला. त्यापुढच्या कार्तिकात मंडळ जमले तेव्हा त्याचे गाल शंकराच्या शाळुंकेसारखे तुकतुकीत दिसत होते. तात्यांनी हात लावून पाहिले आणि एवढेच विचारले, की आधी राखली होतीस ना, पाहिलीस ना नीट? शिष्य म्हणाला,

"पाहिली तात्या. भरघोस आली होती. पण नाही मन रमलं."

"मग झालं," तात्या म्हणाले. "पाहून टाकलीस. तुझी होती, तू टाकलीस." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले, की शिष्याला क्षणभर आपल्या खोट्याचा अभिमानच वाटला.

पुढे त्याचे नाव झाले. दुपारचे खेळही तो निर्धास्त घेऊ लागला. गावोगावी त्याच्या तारामतीला लोक रडत, आणि मागून कोणी काही बोलत नसे. बोलणारा तो गृहस्थ मुलाकडे परगावी राहायला गेला होता आणि तिथेच वारला, असे नंतर कळले. त्याला त्या दुपारचे काही आठवतही नसावे.

काळ कोणाच्या गालावर थांबत नाही. शिष्याची कंबर भरली, आवाजात जाडसरपणा आला, आणि लुगडे दुसऱ्या एका सडपातळ मुलाकडे गेले. याच्या वाट्याला ऋषी आले, राजे आले. विश्वामित्राची दाढी डिंकाने चिकटवावी लागे. घामाने डिंक सुटे, आणि क्रोधाच्या ऐन भरात ऋषींना एका हाताने शाप देऊन दुसऱ्या हाताने हनुवटी धरून ठेवावी लागे. लोक हसत. या वेळी त्याला हसण्याचे दुःख झाले नाही. दुःख वेगळ्याच गोष्टीचे झाले. ती लोकरीची दाढी लावून तो आरशासमोर बसे तेव्हा, आपण खरे कसे दिसलो असतो, हा प्रश्न त्याला पडे आणि उठायचे नाव घेत नसे.

त्या पावसाळ्यात त्याने वस्तरा बाजूला ठेवला. आले ते इतकेच: एका कानाखाली एक झुबका, हनुवटीवर तुरळक मऊ केस, आणि मधे सगळे उजाड. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलेच झाले होते, त्यांचा काही दोष नव्हता. डावी बाजू उजवीला ओळखत नव्हती. तो छत्री घेऊन खाडीपलीकडे तात्यांच्या गावी गेला.

तात्या आता पडवीतल्या खाटेवरच असत. शिष्याने खाली बसून, इतक्या वर्षांनी, विचारायचे राहिलेले विचारले: तुम्ही मला एक पावसाळा दाढी का राखायला सांगितली होती?

तात्या हसले. "माझ्या गालावर कधी खुंट पाहिलास?"

शिष्याने नीट पाहिले. पाहिला नव्हता. वयामुळे येत नसतील असे त्याला वाटत आले होते.

"आमच्या वेळी लेझर नव्हता, चिमटा होता," तात्या म्हणाले. "मलाही असाच कोणी एकजण मागून बोलला होता. मी राख लावून एकेक केस मुळापासून उपटला. वर्षानुवर्षं. शेवटी मुळंच मेली. लोक म्हणायचे, काय हा राणीचा गाल. मग लुगडं सुटलं, आणि एक दिवस वाटलं, बघू या दाढी राखून. काही आलंच नाही. अरे, दाढीत काही मोठेपण नसतं. ती आली नाही म्हणून माझं काही अडलं नाही. पण ती असावी की नसावी हे मी ठरवलंच नव्हतं, ते त्या मागच्या माणसाने ठरवलं. तो हसून घरी गेला, जेवला, झोपला. मी गाल सोलत बसलो. म्हणून तुला म्हटलं, एकदा बघ. पाहून टाकलं तर ते आपलं टाकणं होतं."

"सरळ सांगायचं होतंत, तात्या."

"लाज वाटली. सगळा जन्म राणी होऊन काढला. शिष्याला काय सांगू, मला माझी दाढी बघायची होती म्हणून?" मग ते कोपरावर रेलून शिष्याच्या जवळ आले, आणि त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांत लहान मुलासारखी अधीरता आली. "पण तू पाहिलीस. मला तेवढं बरं वाटतं. सांग ना रे, कशी होती तुझी? सरळ होती की कुरळी? रंग कसा होता? कितीदा विचारीन म्हटलं, राहून गेलं."

दशावतारी नटाला संवाद लिहून दिलेले नसतात. तो उभ्या जागी बोलतो. कथा ठाऊक असली की शब्द त्याला आपोआप सुचतात. या शिष्याने देवांशी वाद घातले होते, यमाला निरुत्तर केले होते, एकदा तर समोरचा नट झोपी गेला तेव्हा दोघांचेही बोलणे एकट्याने निभावले होते. त्या पडवीत त्याने तोंड उघडले. एक भरघोस, काळीभोर, किंचित कुरळी दाढी वर्णून सांगणे त्याला मुळीच अवघड नव्हते. तात्या वाट पाहत होते.

त्याला एकही शब्द सुचला नाही.

पन्हळीतून पाणी पडत राहिले. तात्यांनी त्याच्याकडे पाहिले. कुठला हुंदका कुठे थांबतो आहे हे त्या माणसाला सांगावे लागत नसे. त्यांच्या डोळ्यांतली अधीरता हळूहळू विझली. ते रागावले नाहीत. त्यांनी हात पुढे करून शिष्याच्या कानाखालचा तो एकुलता झुबका बोटांनी चाचपला, सरळ आहे की कुरळा हे पाहावे तसा.

"म्हणजे दोघांचीही बघायची राहिली," तात्या म्हणाले, आणि हात तिथेच राहू दिला.