धनेशाच्या ढोलीतला पिझ्झा

घाटमाथ्यावरच्या एका दाट जंगलात, जुन्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत, एक धनेश आणि त्याची धनेशीण संसार करत होते. धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. घारीएवढा पक्षी, राखाडी अंग, आणि चोच एवढी मोठी की आधी चोच येते आणि तिच्यामागून पक्षी येतो. दिसायला रुबाबदार. अक्कल मात्र चोचीच्या मानाने बेताचीच, ते पुढे कळेल. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी राग येतो, तेव्हा मध्येच आवाज चढला तर तो तुमच्यावर नाही असं समजा.

धनेशांच्या घरात एक रीत असते. अंडं घालायची वेळ आली की धनेशीण ढोलीत जाऊन बसते आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. साप आत शिरू नये, माकडाचा हात आत जाऊ नये, म्हणून. चोच जाईल एवढी एक फट तेवढी ठेवायची. आत बसल्यावर तिच्या पंखांची जुनी पिसं गळून पडतात आणि नवी यायला वेळ लागतो, म्हणजे मनात आलं तरी तिला उडून जाता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत नवरा फटीतून जे देईल ते तिने खायचं आणि तेच पिल्लाला भरवायचं. कोणी आपल्यावर एवढा विश्वास टाकला, तर आपण रात्रंदिवस त्याचाच विचार करू की नाही? धनेशानेही करायला हवा होता.

सुरुवातीला तो करतही होता, खोटं कशाला बोलू. दरीच्या पलीकडे उंबराची झाडं होती. सकाळी उठून दरी ओलांडायची, गळ्यात मावतील तेवढी उंबरं भरून आणायची आणि फटीपाशी बसून एकेक काढून द्यायचं, असं त्याचं चाललं होतं. उंबरात रस असतो. धनेशांची तहान फळांवरच भागते, म्हणून तर कोंडून घेतलेल्या धनेशिणीला पाण्यावाचून अडत नाही. उंबरात किडेही असतात. नाकं मुरडू नका, तुम्हाला कोणी खायला सांगत नाही. पण पिल्लाच्या अंगावर पिसं चढायची तर त्याला तेच लागतं.

मग अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, ऊन वाढलं, दरीवरचा वारा तापला आणि धनेशाला खेपांचा कंटाळा आला. माणूस असो नाहीतर पक्षी, कंटाळा आला की नेमका वाईट सल्ला देणारा भेटतो. जंगलाच्या कडेने घाटाचा रस्ता जात होता. त्या रस्त्यावर एक पिझ्झ्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे, लोकांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या पिझ्झ्यांच्या ढिगावर, एक कावळा होता. अगदी उंटावरचा शहाणा. त्याला कोणी काही विचारायची गरजच नसे. धनेश दमून जवळच्या फांदीवर टेकला, तशी कावळ्याने त्याची सगळी चौकशी केली, आणि रोज दरी ओलांडण्याची हकीकत ऐकून त्याला हसू आवरेना.

"अरे, त्या उंबरांपायी कशाला मरतोस?" कावळा म्हणाला. "हे बघ. खाली गहू आहे. वर चीज, म्हणजे दूधच. टोमॅटो आहे, मक्याचे दाणे आहेत, सिमला मिरची आहे. एका तुकड्यात सगळं आलं. मी रोज खातो, मला काय झालंय?"

आता यात खोटं काय होतं, सांगा. काहीच नाही, आणि वैताग येतो तो त्याचाच. गहू होता, पण कोंडा काढून काढून त्याचा मैदा केलेला. टोमॅटो होता, पण नुसता माखल्यासारखा, आणि त्यात साखर आणि मीठ. मक्याचे दाणे शोधावे लागत होते. चीज भरपूर, म्हणजे चरबी भरपूर आणि परत वर मीठ. कावळ्याने काय काय आहे ते सांगितलं. किती आहे ते सांगितलं नाही, आणि धनेशाने विचारलं नाही. आमच्या शेजारच्या कालिंदीताईंचंही तेच. मुलाला उठता बसता पिझ्झा मागवून देतात आणि वर म्हणतात, तेवढ्याच भाज्या जातात पोटात. मी कपाळावर हात मारून घेतला तर म्हणतात, तुम्हाला हल्ली सगळ्याचाच त्रास होतो. अहो, वाढदिवसाला मीसुद्धा खाते. वाढदिवस रोज येतो का?

असो. धनेशाने एक मोठा तुकडा चोचीत धरला आणि घरी आणला. धनेशिणीने आधी विचारलं की हे काय आहे. त्याने कावळ्याचं सगळं भाषण जसंच्या तसं ऐकवलं आणि शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं, की शहरातली पिल्लं हेच खाऊन वाढतात. तिने खाल्लं. चवीला छानच लागलं, ते का नाकारायचं? पिल्लाची तर जीभच चटावली. दुसऱ्या दिवशी त्याने उंबर फटीबाहेर थुंकून टाकलं. धनेशाला राग यायला हवा होता, त्याला कौतुक वाटलं. त्याने उंबरं आणणंच सोडलं. सकाळी रस्त्यापर्यंत एक चक्कर मारायची, एक तुकडा आणायचा, की दिवसभर फांदीवर बसून डुलक्या काढायला हा मोकळा. तोही येताजाता तेच खात होता. तहान लागली की ओढ्याकाठच्या करवंदांवर चोच मारून येत होता आणि आपण असं का करतो याचा विचार मात्र करत नव्हता.

थोड्याच दिवसांत आतून आवाज यायला लागला. धनेशीण म्हणत होती की घसा कोरडा पडतोय, उंबरं आणा. धनेश म्हणाला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी ती परत म्हणाली, तर तो म्हणाला की उंबरात असतं काय, किडेच ना, आणि पिल्लू बघ कसं गुबगुबीत झालंय. तिने सांगितलं की पिल्लू गुबगुबीत आहे, पण त्याच्या पंखांवर नुसते खुंट आहेत, पिसं फुटतच नाहीत. तिची स्वतःचीही नवी पिसं येता येता थांबली होती. धनेशाने फटीतून आत डोकावून पाहिलं. आत अंधार होता, त्याला फक्त पिल्लाचं गोल पोट दिसलं, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. बायका उगाच काळजी करतात, असंही तो मनात म्हणाला. मी तिथे असते ना, तर त्याच्या त्या चोचीवर एक टोला दिला असता.

मग एक दिवस असा आला की फटीतून चोच बाहेर आलीच नाही. धनेशाने तुकडा पुढे केला तर आतून आवाज आला, आणि तो आवाज इतका बारीक होता की त्याला फटीला कान लावावा लागला.

"अहो, हे नको. पाणी आणा. पिल्लू मान टाकतंय."

तेव्हा कुठे त्याचं धाबं दणाणलं. तो ओढ्यावर गेला, चोच बुडवली आणि भरारी मारली. पण धनेशाची चोच फळं धरायला असते, पाणी धरायला नसते. ढोलीपाशी पोचेपर्यंत सगळं गळून गेलं होतं. दोनदा तसंच झालं. ओढ्याकाठची करवंदं तर त्याने स्वतःच कधीची संपवली होती. काय करावं सुचेना, तेव्हा हे महाशय गेले कुणाकडे? कावळ्याकडे. ज्याने खड्ड्यात घातलं त्यालाच शिडी मागायची, ही काही लोकांची खोडच असते.

कावळा त्या वेळी दुकानामागच्या गळक्या नळाखाली चोच वर करून पाणी पीत होता. पिऊन झालं, थोडा थांबला, परत प्यायला. धनेश ते बघत राहिला. त्याने विचारलं की हे रोजचंच का. कावळा म्हणाला की अर्थात, पिझ्झा खाल्ला की नळाखाली आल्याशिवाय भागतच नाही, आणि दुपारी तो पलीकडच्या शेतात किडे आणि दाणे टिपायला जातो. नुसत्या पिझ्झ्यावर कोण जगेल?

"मग हे मला का नाही सांगितलंस?" धनेशाने विचारलं. "माझी बायको कोंडलेली आहे. तिला नळही नाही आणि शेतही नाही."

"तू कुठे विचारलंस?" कावळा म्हणाला. "मी मला काय चालतं ते सांगितलं. तिचं काय ते तू बघायचंस."

हेही खरंच होतं. कावळ्यावर चिडायलाही जागा उरली नाही, म्हणून धनेश तसाच उडाला. घराकडे आला तर बेहड्यातून ठकठक ऐकू येत होती. धनेशीण आतून दार फोडत होती. चिखलाचा एक टवका उडून खाली पडलेलाही होता. पंखांवर पिसं नाहीत, खाली खोल दरी, वर झाडांवर माकडं टपलेली, आणि ही दार फोडत होती, कारण आत बसून तहानेने मरण्यापेक्षा तिला तेच बरं वाटत होतं. धनेशाने हातापाया पडून तिला थांबायला सांगितलं. ती म्हणाली की ती उंबर आलं की थांबेल, नुसत्या शब्दावर नाही.

धनेश दरीवर झेपावला. पूर्वी तो एका दमात पलीकडे जायचा. आता अर्ध्यावर छाती भरून आली आणि एका सुळक्यावर टेकावं लागलं. खा अजून चीज. पलीकडे पोचला तर उंबराच्या झाडावर हरियल कबुतरं, वटवाघळं, वानरं, सगळ्यांनी ताव मारून झाला होता. जो रोज येत नाही त्याच्यासाठी झाड काही राखून ठेवत नाही. त्याने शेंड्यावरची, आतल्या फांद्यांवरची, कुणी अर्धवट कुरतडलेली, मिळतील ती उंबरं गोळा केली आणि पडत-धडपडत परत आला. दाराला चांगलं भगदाड पडलं होतं. त्यातून धनेशिणीची मान बाहेर लोंबत होती. त्याने एक उंबर तिच्या चोचीत ठेवलं. तिने ते स्वतः गिळलं नाही. आत वळून पिल्लाच्या घशात घातलं, आणि मग दुसरं घेतलं.

जीव वाचले. पण जीव वाचले म्हणजे सगळं झालं, असं नसतं ना. पिल्लाने पुढे दोन दिवस उंबराकडे बघून तोंड फिरवलं आणि पिझ्झ्यासाठी किंचाळून जंगल डोक्यावर घेतलं. धनेशिणीने दुसरं काही दिलं नाही. शेवटी भुकेने हिसका दाखवला आणि ते मुकाट्याने खायला लागलं. धनेशीणही सावरली. तिची पिसं आली, उरलेलं दार फोडून ती बाहेर पडली, आणि बाहेर आल्यावर नवऱ्याच्या फांदीवर न बसता दुसऱ्या फांदीवर बसली.

हंगाम संपत आला. डोंगरावरची फळं सरली की धनेशांचा सगळा थवा खालच्या खोऱ्यातल्या रानात जातो. आजूबाजूच्या ढोल्यांतली पिल्लं आईबापांमागून एकेक करून दरीवर झेप घेत होती. बेहड्याच्या ढोलीतलं पिल्लू मात्र दारात बसून होतं. अंगाने ते सगळ्यांत मोठं होतं. पंखांवर जी काही पिसं आली होती ती विरळ आणि ठिसूळ होती, नीट पसरायला गेलं की तुटत होती. थवा निघून गेला. मागे हे तिघंच राहिले, आणि जवळ फळ उरलं नाही म्हणून धनेश आता दरीपलीकडच्या उंबरांच्याही पुढे, लांब लांब जाऊन काही मिळतंय का ते शोधत होता.

एका दुपारी तो असाच दमून परतला, तेव्हा पिल्लू रिकाम्या दरीकडे बघत होतं. बापाने आणलेलं उंबर त्याने खाल्लं आणि विचारलं, "बाबा, सगळे गेले. माझी पिसं का नाही आली?"

धनेशाने धनेशिणीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही.

"तुम्हाला विचारतंय ते," ती म्हणाली. "मी आत होते. बाहेर तुम्ही होतात. सांगा त्याला."

धनेशाने ती भलीमोठी चोच उघडली. मग ती मिटून तो भर उन्हात परत दरीवर उडाला.

तात्पर्य : आपल्या हातून ज्यांच्या पोटात घास जातो, त्यांच्यासाठी 'त्यात सगळं असतं' एवढ्यावर भागत नाही, काय किती आहे, हे घास देणाऱ्यानेच बघायचं असतं. मुलांनो, ही ओळ तुमच्यासाठी कमी आणि घरातल्या मोठ्यांसाठी जास्त आहे, तेव्हा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.